अमेरिकेचे भांडण आणि परभणीचा ताप

“डॉक्टर, तापाची गोळी खाल्ली की पोटातलं लेकरू मंदबुद्धी होतंय म्हणं. खरं का?”

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात ऐकू येऊ लागला. कधी गरोदर बाई स्वतः विचारते, कधी सोबत आलेली सासू, तर कधी नवरा मोबाइलच पुढे करतो. विचारणारे कोणी सेलूचे, कोणी गंगाखेडचे, कोणी पालमकडच्या एखाद्या खेड्यातले. प्रश्नाचा उगम मात्र आपल्या जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत कुठेही नाही. तो शोधायला थेट वॉशिंग्टनला जावे लागते.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांच्यासोबत पत्रकार परिषद घेतली. गरोदर स्त्रियांनी ‘टायलेनॉल’ घेणे टाळावे, त्याचा मुलांमधील ऑटिझमशी म्हणजे स्वमग्नतेशी संबंध असू शकतो, असे त्यांनी तिथे सांगितले. काही तासांत जगभरच्या समाजमाध्यमांवर दुसरा विषय उरला नाही. त्यांच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट पडले. अमेरिकेत काही गरोदर स्त्रियांनी निषेध म्हणून टायलेनॉलची गोळी गिळतानाचे व्हिडिओही टाकले. दुखण्या-तापाची साधी गोळी पक्षाच्या झेंड्यासारखी वापरली गेली.

हे भांडण त्यांचे. पण त्याचे तुकडे मराठी आवाज लावून, तारीख आणि संदर्भ गाळून आपल्या मोबाइलवर येतात, तेव्हा त्याची किंमत आपला रुग्ण मोजतो. आजचा लेख त्याबद्दल आहे.

एकच गोळी, दोन नावे

आधी नावाचा घोळ मिटवू. टायलेनॉल हे अमेरिकेतल्या एका ब्रँडचे नाव. त्यातल्या औषधाला अमेरिकेत ‘अॅसिटामिनोफेन’ म्हणतात. भारतात आणि युरोपात त्याच औषधाला पॅरासिटामॉल म्हणतात. दोन्ही नावे एकाच लांबलचक रासायनिक नावाचे वेगवेगळे तुकडे जोडून तयार झाली आहेत. आपल्याकडे क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो अशा नावांनी मिळते ती हीच गोळी. प्राथमिक आरोग्य केंद्रातून कागदाच्या पुडीत मिळते तीही हीच.

त्यामुळे ‘अमेरिकेतली कुठलीशी गोळी, आपल्याला काय’ असे म्हणून हा विषय सोडता येत नाही. घराघरातल्या डब्यात असलेल्या औषधाबद्दल ही भीती पसरली आहे.

व्यासपीठावर एक, पत्रात दुसरे

त्याच दिवशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांसाठी एक पत्र काढले. काही अभ्यासांत असा संबंध दिसला आहे, पण पॅरासिटामॉलमुळेच स्वमग्नता होते हे सिद्ध झालेले नाही आणि उलट निष्कर्षाचे अभ्यासही आहेत, असे त्या पत्रात स्पष्ट लिहिले होते. व्यासपीठावरचे बोलणे ठाम होते, सरकारी पत्र सावध होते. मोबाइलवर मात्र व्यासपीठच आले, पत्र कोणी पुढे पाठवले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २४ सप्टेंबरला निवेदन काढून असा संबंध सिद्ध करणारा निर्णायक पुरावा नसल्याचे सांगितले. तेही फारसे कोणाच्या गटात फिरले नाही.

यात आश्चर्य नाही. ‘सिद्ध झालेले नाही, गरज असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या’ या वाक्यात ना राग आहे ना भीती. अशी वाक्ये समाजमाध्यमांच्या बाजारात विकली जात नाहीत.

अभ्यास काय सांगतात?

दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडायला हव्यात. गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नता किंवा चंचलतेचे प्रमाण किंचित जास्त दिसते, असे सांगणारे अभ्यास आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा ४६ अभ्यासांचा आढावा घेतला आणि संबंध असण्याची शक्यता मांडली. औषध जपून वापरावे असे त्यांनी सुचवले.

पण इथे एक मोठी अडचण आहे. पॅरासिटामॉल कोणी गंमत म्हणून घेत नाही. ताप येतो, संसर्ग होतो, अर्धशिशी उठते, म्हणून ती घेतली जाते. मग बाळावर परिणाम झालाच, तर तो गोळीचा की ज्या आजारासाठी गोळी घेतली त्याचा? शिवाय आई-वडिलांकडून आलेली जनुके आणि घरची परिस्थिती यांचेही परिणाम असतात. छत्री घेऊन निघालेली माणसे जास्त भिजलेली दिसली, म्हणून छत्रीमुळे माणूस भिजतो असे आपण म्हणत नाही.

हा गुंता सोडवण्याचा एक चांगला मार्ग स्वीडनमधल्या संशोधकांनी वापरला. १९९५ ते २०१९ या काळात तिथे जन्मलेल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २०२४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या मुलांची सरसकट तुलना केली तेव्हा अगदी थोडा फरक दिसला. नंतर त्यांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली. एकाच आईने एका गरोदरपणात गोळी घेतली, दुसऱ्यात घेतली नाही, मग त्या दोन मुलांत फरक आहे का? आई तीच, घर तेच, जनुकेही बरीचशी सारखी. ही तुलना केल्यावर फरक नाहीसा झाला. म्हणजे आधी दिसलेला थोडासा फरक गोळीपेक्षा कुटुंबातल्या इतर कारणांचा असावा, असा त्याचा अर्थ निघतो.

विज्ञानात शेवटचा शब्द नसतो. आज हातात असलेल्या पुराव्यावरून इतके नक्की सांगता येते की, गरोदरपणात ताप आला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, लागेल तेवढीच आणि लागेल तितकेच दिवस पॅरासिटामॉल घ्यावी. हा सल्ला २२ सप्टेंबरच्या आधीही हाच होता आणि नंतरही हाच आहे.

गोळी बंद केली, मग काय घेतले?

आता आपल्याकडचा खरा धोका पाहू.

अमेरिकेतली गरोदर स्त्री गोळी घ्यावी की नाही या विचारात असते, तेव्हा तिला डासाने चावून आलेल्या तापाची शक्यता फारशी नसते. आपल्याकडे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत डेंग्यूचे रुग्ण येत असतात. मलेरिया आहे, टायफॉइड आहे, गरोदरपणात नेहमी दिसणारा लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग आहे. पहिल्या तीन महिन्यांतला जोराचा ताप बाळाच्या मेंदू आणि मणक्याच्या घडणीला घातक ठरू शकतो. पुढच्या महिन्यांत तापामुळे अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. अंगावर काढलेला ताप ही गरोदरपणात किरकोळ गोष्ट नाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. ‘पॅरासिटामॉल नको’ असे ठरवलेली बाई दुखणे सहन करत बसतेच असे नाही. घरचे कोणीतरी मेडिकलवर जाते आणि ‘अंगदुखीची दुसरी काहीतरी गोळी द्या’ म्हणते. मग हातात पडते ती आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसेक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइडची गोळी. या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर घेतल्या तर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधीच आकसू शकते. हा धोका चांगला अभ्यासलेला आहे, त्यावर डॉक्टरांत दुमत नाही. म्हणजे ज्या गोळीचा धोका सिद्ध नाही ती सोडायची आणि जिचा धोका माहीत आहे ती घ्यायची, असा उलटा व्यवहार होतो. त्यातल्या कितीतरी गोळ्या जोडगोळ्या असतात. वेदनाशामकासोबत त्यात पॅरासिटामॉलही असतेच. जिच्यापासून पळायचे होते ती पाकिटातून पुन्हा पोटात जाते.

डेंग्यूची शंका असताना तर या गोळ्या आणखी धोक्याच्या. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून डेंग्यूच्या तापात पॅरासिटामॉल हेच पहिले औषध असते.

वॉशिंग्टनची पत्रकार परिषद अमेरिकेतल्या लोकांसाठी होती. ती आपल्यासाठी नव्हतीच.

हे पहिल्यांदा घडलेले नाही

मार्च २०२० आठवून पाहा. कोरोना नुकताच आला होता. १९ मार्चला ट्रम्प यांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचे कौतुक केले. मलेरियासाठी निघालेले हे औषध संधिवात आणि ल्युपसच्या रुग्णांना वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्याच सुमारास आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोरोना रुग्णांची सेवा करणारे आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातले लोक यांच्यासाठी प्रतिबंधक म्हणून ते सुचवले. ती शिफारस मर्यादित होती, पण समाजमाध्यमांवरच्या गदारोळात मर्यादा कोण वाचतो? देशभर लोकांनी दुकानांतून गोळ्या उचलल्या. २६ मार्चला केंद्र सरकारला हे औषध चिठ्ठीशिवाय विकू नये यासाठी कडक नियम लावावा लागला. संधिवाताचे रुग्ण मात्र रिकाम्या हाताने दुकानातून परत फिरत होते.

पुढे काय झाले? ५ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीच्या संशोधकांनी जाहीर केले की, रुग्णालयात दाखल कोरोना रुग्णांना या औषधाचा फायदा होत नाही. १५ जूनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपली आपत्कालीन परवानगी मागे घेतली. तोवर तिकडे हे औषध घेणे म्हणजे एका बाजूचे आणि न घेणे म्हणजे दुसऱ्या बाजूचे असे समीकरण झाले होते. चाचणीचा निकाल आला तरी मते बदलली नाहीत, कारण प्रश्न औषधाचा राहिलाच नव्हता.

जन्मताच द्यायची लस

तिसरे उदाहरण ताजे आहे आणि मला ते सर्वांत जास्त काळजीचे वाटते. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने हिपॅटायटिस-बी लसीच्या जन्मवेळच्या मात्रेबद्दलची जुनी शिफारस बदलण्याच्या बाजूने मतदान केले. आईची तपासणी झालेली असेल आणि तिला संसर्ग नसेल, तर जन्मताच लस द्यायची की नाही हे पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, असा त्याचा आशय. तिथल्या अनेक बालरोगतज्ज्ञांनी याला कडाडून विरोध केला.

आता हा निर्णय ‘अमेरिकेने बाळाची लस बंद केली’ अशा एका ओळीत गुंडाळून फिरला, तर इथे काय होईल? आपल्या देशात हिपॅटायटिस-बीचे कोट्यवधी वाहक आहेत आणि बहुतेकांना ते माहीतही नाही. विषाणू आईकडून बाळंतपणात बाळाला लागतो. अगदी लहानपणी संसर्ग झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत तो आयुष्यभर ठाण मांडतो आणि पुढे यकृत खराब होणे, यकृताचा कर्करोग असे आजार उभे राहतात. आपल्याकडे तपासणी न झालेली बाई कळा सुरू झाल्यावर थेट प्रसूतीसाठी येते, हे रोजचे चित्र आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली बाई असेल तर आधीचे कागदही हाताशी नसतात. म्हणून आपल्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात जन्मानंतर २४ तासांच्या आत ही लस देण्याची तरतूद आहे आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. तिकडची चर्चा ‘आईची तपासणी झालेली आहे’ या गृहीतावर चालते. ते गृहीतच इथे अनेकदा खरे नसते.

लस टाळण्याची किंमत काय असते, हे दोन्ही देशांनी पाहिले आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसह काही भागांत, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराचा उद्रेक झाला आणि लहान मुले दगावली. २०२५ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात गोवराने दोन शाळकरी मुलांचा जीव घेतला. दोघांचेही लसीकरण झालेले नव्हते. विषाणूला राजकीय पक्ष कळत नाही.

त्यांचे प्रश्न आपल्या मोबाइलवर का?

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, एक्स ही सगळी माध्यमे अमेरिकी कंपन्यांची आहेत. त्यांवरचा फार मोठा मजकूर इंग्रजीत असतो आणि त्यात अमेरिकेचे राजकारण आघाडीवर असते. पण केवळ मालकीने हे घडत नाही. कोणता मजकूर पुढे ढकलायचा हे ठरवणारी यंत्रणा माणूस एखाद्या गोष्टीवर किती वेळ थांबतो, किती चिडून उत्तर देतो, किती जणांना पाठवतो हे मोजते. अमेरिकेच्या राजकारणात प्रत्येक विधानाला दोन चिडलेल्या बाजू तयारच असतात. त्यामुळे तो विषय आपोआप वर येतो. मग आपल्याकडचे चॅनेलवाले आणि रील बनवणारे तोच विषय उचलतात, कारण त्याला प्रेक्षक मिळतो हे आधीच सिद्ध झालेले असते.

अमेरिकेतल्या आरोग्याच्या वादांना तिथली स्वतःची कारणे आहेत. तिथे औषधांच्या जाहिराती थेट टीव्हीवर लोकांना दाखवल्या जातात. उपचार महाग आहेत, विमा कंपन्यांवर राग आहे, औषध कंपन्यांवरचे खटले वर्षानुवर्षे चालतात. टायलेनॉलवरही आधीच खटले सुरू होते. कोरोनाच्या काळात मास्क आणि लस यांवरून समाज दुभंगला. या सगळ्याचा राग तिथल्या प्रत्येक घोषणेत मिसळलेला असतो. आपल्यापर्यंत तो राग पोचतो, त्यामागचा इतिहास पोचत नाही.

याचा अर्थ अमेरिकेतून येणारे सगळे वाईट असा मुळीच नाही. आमच्या टेबलावरची कितीतरी पाठ्यपुस्तके तिथलीच आहेत आणि तिथल्या संशोधनाने इथले असंख्य जीव वाचले आहेत. तिथल्या प्रयोगशाळेतून काय निघाले हे आम्ही डोळ्यांत तेल घालून वाचतो. व्यासपीठावरून काय बोलले गेले, त्यावर मात्र औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

ज्यावर बोलणे होत नाही

दुसऱ्या देशाचा विषय चोवीस तास बोलण्यात राहिला की आपला विषय बाजूला पडतो. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोन उदाहरणे देतो.

भारतात दरवर्षी साधारण ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक आपल्यासारख्या शेतकरी भागांतली. चावलेल्या जागी कापू नये, आवळून बांधू नये, तो भाग हलू न देता १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठावे, ही माहिती किती गटांत फिरते? टायलेनॉल हे नाव ऐकलेला तरुण जेव्हा शेतात साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे नेला जातो, तेव्हा आपल्या गप्पांचा तोल कुठे बिघडला आहे ते कळते.

दुसरे उदाहरण उन्हाचे. उन्हाळ्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. उष्माघातात अंग भट्टीसारखे तापते आणि घरचे लोक तापाची गोळी देतात. उष्माघाताच्या तापावर पॅरासिटामॉल काम करत नाही, कारण तो जंतुसंसर्गाचा ताप नसतो. अशा माणसाला सावलीत आणून अंगावर पाणी मारणे, वारा घालणे आणि वेळ न घालवता रुग्णालयात नेणे हाच उपाय. तो बरळत असेल किंवा शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. पॅरासिटामॉलबद्दल परभणीकराला खरोखर कळायला हवी अशी ही गोष्ट आहे. यावर पत्रकार परिषद होत नाही.

मेसेज आला, आता काय करायचे?

चार साध्या गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, हे कोणत्या देशातले आणि कधीचे आहे ते विचारा. तारीख आणि ठिकाण नसलेला आरोग्याचा मेसेज पुढे पाठवू नका. व्हॉट्सअॅपवर मेसेजच्या वर दोन बाणांची खूण दिसली, तर तो अनेक हात फिरून आलेला आहे असे समजा. लिहिणारा डॉक्टर असल्याचा दावा त्यात असेल, तर जास्तच सावध राहा.

दुसरी, ‘संबंध आहे’ आणि ‘त्यामुळे होते’ यांतला फरक पाहा. बातमीत ‘संबंध असू शकतो’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ शोध अजून चालू आहे एवढाच.

तिसरी, चालू असलेले औषध किंवा ठरलेली लस मोबाइल पाहून बंद करू नका. मनात शंका आली तर आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. विचारले म्हणून कोणी रागावत असेल तर पुन्हा विचारा, तो तुमचा हक्क आहे.

चौथी गोष्ट गोळीबद्दल. पॅरासिटामॉल सुरक्षित आहे म्हणून मूठभर खाण्याची वस्तू नाही. प्रौढ माणसाने एका वेळी ५०० ते ६५० मिलिग्रॅम घ्यावी आणि दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे. जास्त घेतली तर यकृत निकामी होऊ शकते, दारू पिणाऱ्यांना हा धोका अधिक. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत ती आधीच असते, म्हणून पाकिटावरचे नाव वाचा. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. गरोदर स्त्रीला ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. सोबत रक्तस्राव, पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, धाप लागणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही असेल, तर थांबू नका.

आईला आरोपी करू नका

शेवटी त्या मातांशी बोलायचे आहे, ज्यांचे मूल स्वमग्न आहे. या गदारोळात सर्वांत जास्त जखम त्यांना झाली. ‘मी गरोदर असताना गोळी घेतली होती, म्हणून माझं लेकरू असं झालं का?’ हे विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. घरातले कोणी तो प्रश्न टोमण्यासारखा विचारते तेव्हा तर बोलायलाच नको.

स्वमग्नतेचा दोष आईवर टाकण्याचा हा पहिला प्रसंग नाही. गेल्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्याच काही नामवंत तज्ज्ञांनी, मुलावर माया न करणाऱ्या थंड स्वभावाच्या आईमुळे स्वमग्नता होते असे मांडले होते. एका पिढीच्या मातांनी तो कलंक वाहिला आणि नंतर तो सिद्धान्त साफ चुकीचा ठरला. आज आपल्याला माहीत आहे की स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि मेंदूची घडण गर्भातच वेगळ्या वाटेने होत असते. स्वमग्नता म्हणजे मंदबुद्धी नव्हे. यातली अनेक मुले हुशार असतात, त्यांची जगाशी बोलण्याची पद्धत वेगळी असते.

कारण शोधत मागे पाहण्यापेक्षा लवकर ओळखणे मुलाच्या कामी येते. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, नजरेला नजर देत नाही, आलेले शब्द विसरते, असे दिसले तर ‘मोठं झाल्यावर बोलेल’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, त्यांना मूल दाखवा. पुढच्या तपासणीची आणि उपचारांची सोय जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रामार्फत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलतीही मिळतात.

आणि ज्या मातेने तापात दोन-चार गोळ्या घेतल्या होत्या, तिने एवढे लक्षात ठेवावे: ताई, तुम्ही काही चुकीचे केलेले नाही. आलेला ताप उतरवणे हे तुमच्या बाळासाठीही योग्यच होते.